नियम एकदाच लिहा, सगळीकडे चालवा : अडतीच्या पट्टीपासून सुरुवात

दोन हंगामांपूर्वी परभणीच्या मोंढ्यात एका शेतकऱ्याने माझ्यासमोर काउंटरची छापील पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, ठेवली आणि शेजारी मोबाइल ठेवला. माल एकच होता: १८ क्विंटल ५० किलो सोयाबीन, भाव ४,३०० रुपये क्विंटल, मीटरवर ओलावा १३.४ टक्के. पट्टीत ओलाव्याची घट ३७ किलो आणि अडतीच्या ॲपवर २५.९ किलो. फरक ११.१ किलोचा, म्हणजे ४७७ रुपये ३० पैशांचा. त्याने आवाज चढवला नाही. "यातलं खरं कोणतं, तेवढं सांगा," एवढंच म्हणाला. त्या अडतीचं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो, आणि मला उत्तर देता आलं नाही.

रात्री दोन्ही प्रोग्राम उघडले. नियम दोन्हीकडे होता: १२ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे १ किलो घट. पण काउंटरच्या प्रोग्रामने १.४ चे वर ओढून २ केले होते आणि ॲपने १.४ तसेच ठेवले होते. दोन प्रोग्रामरांनी दोन वेगळ्या वर्षी एकच वाक्य ऐकलं होतं आणि आपापल्या समजुतीने लिहिलं होतं.

हा लेख त्यावरच्या उपायाचा आहे. व्यवहाराचा नियम प्रोग्रामच्या पोटात न ठेवता वेगळ्या फाइलीत लिहायचा आणि काउंटर, ॲप, गोदाम, वेबसाइट सगळ्यांनी तीच फाइल वापरायची. यासाठी लागणारी साधनं मुक्त स्रोताची आहेत, परवान्याला पैसे लागत नाहीत. लातूर, जालना, नांदेड, हिंगोली, कुठेही गावातल्या दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलामुलींना समोर ठेवून लिहितो आहे. थोडंफार प्रोग्रामिंग येत असेल तर एवढं पुरे.

पहिली पायरी : संगणक बंद ठेवून मुनीमजींजवळ बसा

साधन निवडायची घाई करू नका. ज्याच्या हातून रोज हिशोब होतो त्याच्याजवळ वही घेऊन बसा आणि नियम विचारू नका, उदाहरणं विचारा. नियम विचारला की माणूस गुळगुळीत वाक्य सांगतो. उदाहरण विचारलं की खरं काम बाहेर येतं.

मी विचारलं, "मुनीमजी, १३.४ आला तर किती कापता?"

"दीड किलो."

"१.४ का नाही?"

"हातानं हिशोब करताना अर्ध्या किलोचा धरतो आपण. पहिल्यापासून."

म्हणजे दोन नव्हे, तीन नियम चालू होते. मुनीमजींच्या हिशोबाने घट २७.७५ किलो झाली असती. यातला कोणता बरोबर हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं. ते शेठजींनी ठरवायचं, आणि तेही बाजार समितीच्या उपविधींशी ताडून पाहून. शेठजींनी मीटर एक दशांश दाखवतो म्हणून घटही दशांशाप्रमाणेच धरायची, असं सांगितलं. तो निर्णय मी तारखेसह वहीत लिहून त्यांची सही घेतली. सही घ्यायला संकोच वाटतो, तरी घ्या. पुढे तीच कामाला येते.

विचारताना काठावरचे आकडे सोडू नका. बरोबर १२ आला तर? १५ च्या वर गेला तर माल घ्यायचा की परत पाठवायचा? मीटर बंद पडला तर? एवढ्या तीन प्रश्नांना उत्तरं मिळाली तरी पुष्कळ झालं.

दुसरी पायरी : जुन्या पट्ट्या गोळा करा

मागच्या हंगामातल्या तीसेक पट्ट्या काढा. कोरडा माल, ओला माल, काडीकचरा जास्त असलेला माल, वादात सापडलेला माल, सगळे प्रकार हवेत. प्रत्येकीचं वजन, ओलावा आणि नव्या निर्णयाप्रमाणे यायला हवी ती घट, हे साध्या शीटमध्ये भरा. घट हाताने काढा आणि मुनीमजींकडून तपासून घ्या.

हीच तुमची चाचणी. पुढे कोणतंही साधन वापरा, कोणतीही भाषा वापरा, या शीटशी जुळलं तरच नियम बरोबर उतरला असं समजायचं. मला विचाराल तर साधनापेक्षा हे शीट मोलाचं आहे. साधन पाच वर्षांनी बदलेल, शीट तसंच राहील.

तिसरी पायरी : नियमाचा तक्ता मांडा

नियम लिहायची एक जगमान्य पद्धत आहे, डीएमएन, म्हणजे डिसिजन मॉडेल अँड नोटेशन. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २०१५ मध्ये तिची पहिली आवृत्ती काढली. तिचा गाभा म्हणजे निर्णयाचा तक्ता. डावीकडे विचारात घ्यायच्या गोष्टी, उजवीकडे निर्णय, एका ओळीत एक नियम. मुनीमजींना प्रोग्राम वाचता येत नाही, हा तक्ता वाचता येतो. म्हणूनच नवख्यांनी इथून सुरुवात करावी असं मी सांगतो.

आमचा तक्ता असा झाला:

| ओळ | ओलावा (टक्के) | घट (किलो, दर क्विंटलला) | निर्णय |
|---|---|---|---|
| १ | [०..१२] | ० | घ्या |
| २ | (१२..१५] | ओलावा − १२ | घ्या |
| ३ | (१५..३०] | – | वाळवून आणा |
| ४ | > ३० | – | पुन्हा मोजा |

कंसांकडे नीट पाहा. चौकोनी कंस म्हणजे तो आकडा धरून, गोल कंस म्हणजे तो आकडा सोडून. बरोबर १२ टक्क्यांचा माल पहिल्या ओळीत येतो, १२.१ दुसऱ्या ओळीत. मुनीमजींना विचारलेला काठावरचा प्रश्न एका कंसात मिटला. डीएमएनमध्ये असे छोटे हिशोब लिहायची जी भाषा आहे तिला फील म्हणतात, आणि हे कंस तिचेच.

चौथी ओळ कशासाठी, असं वाटेल. गर्दीच्या वेळी मापाडी १३.४ ऐवजी १३४ टाइप करतो. ती ओळ नसती आणि तिसरी ओळ नुसती "१५ च्या वर" अशी असती, तर चांगला माल "वाळवून आणा" म्हणून परत गेला असता.

तक्त्याच्या कोपऱ्यात एक अक्षर असतं, त्यावरून ओळी कशा निवडायच्या ते ठरतं. इंग्रजी यू असेल तर एका वेळी एकच ओळ लागू व्हायला हवी, आणि दोन लागू झाल्या तर इंजिन, म्हणजे तक्ता चालवणारा प्रोग्राम, चूक दाखवतं. दुसरा पर्याय एफ, म्हणजे वरून पहिली जुळेल ती. नवीन माणसाला एफ सोपा वाटतो. तरी यूच ठेवा. मी सुरुवातीला दुसरी ओळ चुकून १२ धरूनच लिहिली होती, त्यामुळे १२ हा आकडा दोन ओळींत बसत होता. यू होतं म्हणून पहिल्याच चाचणीत ते उघडं पडलं. एफ असतं तर चूक तक्त्यात तशीच दबून राहिली असती.

तक्ता काढायला कॅमुंडा मॉडेलर हा प्रोग्राम संगणकावर उतरवून घेता येतो. व्हीएस कोड वापरत असाल तर अपाची केआयई प्रकल्पाचा डीएमएन संपादक त्यात बसतो. दोन्हींतून शेवटी एक एक्सएमएल फाइल मिळते. रकान्यांची शीर्षकं मराठीत लिहा, कारण वाचणारे मराठी आहेत. आतली चलांची (व्हेरिएबलची) नावं मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत ठेवा. देवनागरी अंक फीलला संख्या म्हणून चालत नाहीत.

तक्त्यासोबत एक आकृतीही काढता येते: ओलावा आणि वजन यांवरून घट, घटीवरून निव्वळ वजन, निव्वळ वजन आणि भावावरून रक्कम. प्रत्येक निर्णयाचा एक चौकोन. या आकृतीत नियमाचा आधार दाखवायचंही चिन्ह असतं. तिथे "शेठजींचा निर्णय, अमुक तारीख" किंवा बाजार समितीच्या उपविधीचा क्रमांक लिहा. हमाली-तोलाईचा तक्ता वेगळा करा. तो समितीच्या दरपत्रकाप्रमाणे बदलतो, ओलाव्याशी त्याचा संबंध नाही.

चौथी पायरी : इंजिन निवडा

तक्ता वाचून उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला इंजिन म्हणतात. इथे अडतीची परिस्थिती पाहूनच ठरवावं लागतं.

सर्व्हर जावावर असेल किंवा तक्ते पुष्कळ असतील तर ड्रूल्स घ्या. ते जुनं, मुरलेलं साधन आहे, आता अपाची संस्थेच्या छत्राखाली आहे आणि परवाना अपाची २.० आहे. त्याच कुटुंबातल्या कोगिटोमध्ये डीएमएन फाइल प्रकल्पात ठेवली की नियम विचारायचा वेबवरचा पत्ता आपोआप तयार होतो. काउंटर, ॲप, वेबसाइट, कोणीही त्या पत्त्यावर वजन-ओलावा पाठवून उत्तर घ्यावं. डीएमएनचा मोठा फायदा म्हणजे फाइल एकाच कंपनीच्या साधनाला बांधलेली राहत नाही. कोणतं इंजिन प्रमाणाला किती धरून आहे हे तपासणारा चाचणीसंच सर्वांसाठी खुला आहे आणि त्याचे निकालही जाहीर असतात.

प्रोग्राम पायथन, नोड किंवा गो मध्ये असेल तर झेन हे इंजिन पाहा. ते रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि तुमच्याच प्रोग्रामच्या आत बसतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. परवाना एमआयटी. तक्त्याची कल्पना तीच, पण फाइलीचा साचा त्याचा स्वतःचा जेसनमधला आहे, डीएमएनचा नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

नियम दोन-चारच असतील, एकीकडे पीएचपीची वेबसाइट आणि दुसरीकडे ब्राउझर असेल, तर जेसनलॉजिक पुरेल. त्यात नियम जेसनमध्येच लिहितात: आधी क्रियेचं नाव, मग तिला लागणाऱ्या किमती. जावास्क्रिप्ट, पीएचपी, पायथन, रुबी अशा बऱ्याच भाषांत ते चालतं. मात्र ते मुनीमजींना वाचता येत नाही. म्हणून जेसनलॉजिक वापरलंत तरी छापील तक्ता दुकानात ठेवाच.

मॉर्फिर हे नाव कानावर येईल. मॉर्गन स्टॅन्ली या बँकेने ते उभं केलं आणि फिनॉस या संस्थेकडे खुलं केलं. त्यात नियम एल्म या भाषेत लिहितात, मॉर्फिर त्याचं जेसनमधल्या एका मधल्या रूपात रूपांतर करतं, आणि त्या रूपातून स्काला वगैरे भाषांतला कोड तयार होतो. अनेक टप्प्यांचा हिशोब असलेल्या मोठ्या संस्थेला, साखर कारखान्याच्या पातळीच्या कामाला, हा विचार फार मोलाचा आहे. अडतीच्या पहिल्या तक्त्यासाठी नको. आधी एल्म शिकण्यातच सोयाबीनचा हंगाम निघून जाईल.

परवाने स्वतः वाचा. मुक्त स्रोत म्हणजे अटच नाही, असं नसतं. उदाहरणार्थ, वेबपानावर तक्ता दाखवणारं डीएमएन-जेएस वापरलं तर ते बनवणाऱ्यांचं बोधचिन्ह काढून टाकता येत नाही.

आणि आपल्याकडचा मोठा प्रश्न म्हणजे लाइट आणि नेट. काट्यावर माल चढलेला असताना नेट गेलं तर सर्व्हरवरचं इंजिन उपयोगाचं नाही, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उभा राहतो. म्हणून काट्याजवळच्या संगणकात इंजिन आतच बसवा, नियमाची फाइल सकाळी दुकान उघडताना सर्व्हरवरून आणा, आणि नवीन मिळाली नाही तर कालची चालू द्या. ॲपला मात्र सर्व्हरला विचारू द्या, कारण ॲपवर पट्टी फाटत नाही.

पाचवी पायरी : आकड्यांचे खाचखळगे

नियम फाइलीत नीट असला तरी दोन ठिकाणी दोन उत्तरं येऊ शकतात. माझे सर्वांत जास्त दिवस इथेच गेले.

पहिला खळगा दशांशाचा. जावास्क्रिप्टमध्ये १३.४ मधून १२ वजा करा, उत्तर १.४ येत नाही, १.४०००००००००००… असं, १.४ पेक्षा किंचित जास्त येतं, कारण तिथे आकडे द्विमान पद्धतीने साठवतात. फीलमध्ये आकडे दशमान पद्धतीचे, तिथे १.४ च येतो. एरवी हा फरक दिसत नाही. पण पुढे कोणी "वरचा पूर्णांक घ्या" असं लिहिलं की बरोबर पूर्ण यायला हवा तो आकडाही एखाद्या वेळी एकाने वर जातो. यावर माझा उपाय साधा आहे: वजन किलोत न ठेवता ग्रॅममध्ये, रुपये पैशांत, ओलावा दशांश टक्क्यांत ठेवा, म्हणजे १३.४ ऐवजी १३४. मग सगळे पूर्णांकच. तक्त्यातल्या सीमाही त्याच मापात लिहाव्या लागतील, १२ ऐवजी १२०, तेवढं ध्यानात असू द्या.

दुसरा खळगा पूर्णांक करण्याचा. आपण शाळेत शिकलो की अर्धा आला तर वर न्यायचा. फीलमधलं दशांश कमी करणारं जुनं फंक्शन तसं करत नाही, ते बरोबर अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं. २.५ चे २ होतात आणि १.५ चेही २. नव्या आवृत्त्यांत अर्ध्याला वर नेणारं वेगळं फंक्शन आहे. कोणतं वापरायचं ते ठरवा आणि रक्कम एकदाच, अगदी शेवटी पूर्ण करा. घट पूर्ण केली, मग वजन पूर्ण केलं, मग रुपये पूर्ण केले, असं टप्प्याटप्प्याने केलंत तर पैसे सांडत जातात.

तिसरा सर्वांत वाईट, रिकाम्या रकान्याचा. मीटर बंद आहे, ओलावा टाकलाच नाही. फीलमध्ये रिकाम्या किमतीची तुलना केली तर कोणतीच ओळ जुळत नाही आणि उत्तर रिकामं येतं. जेसनलॉजिक जावास्क्रिप्टमध्ये चालवलं तर रिकामी किंमत शून्यासारखी धरली जाते, शून्य १२ पेक्षा कमी, म्हणून माल कोरडा ठरतो आणि पूर्ण वजनाची पट्टी निघते. नियम तोच, उत्तरं दोन. म्हणून ओलावा भरलेला आहे की नाही ही तपासणी नियमाच्या आधी, स्वतंत्रपणे करा.

आता दुसऱ्या पायरीचं शीट काढा आणि त्यात ११.९, १२, १२.१, १५, १५.१, १३४ आणि रिकामा रकाना अशा सात ओळी वाढवा. प्रत्येक यंत्रावर, म्हणजे काउंटरवर, सर्व्हरवर, ॲपच्या ब्राउझरमध्ये, हे शीट चालवा. नियमाच्या फाइलीत एक अक्षर बदललं तरी पुन्हा चालवा.

सहावी पायरी : जुन्या प्रोग्रामला जोडणं

सगळं नव्याने लिहायला कोणताही शेठ तयार होणार नाही, आणि तसं करूही नये. जुन्या प्रोग्राममध्ये घट काढणारी जागा शोधा, तिथला हिशोब काढा आणि त्या जागी इंजिनला विचारणारी एक ओळ ठेवा. बाकीच्या कशाला हात लावू नका.

टॅलीच्या आत आपलं इंजिन बसत नाही. तिथे उलटं करायचं: घट आणि रक्कम बाहेर काढा, तयार व्हाउचर एक्सएमएलमधून टॅलीला द्या. टॅली ते घेते.

जोडल्यावर आठ दिवस दोन्ही हिशोब बरोबरीने चालू द्या. पट्टी जुन्याच पद्धतीची निघू द्या, नव्या नियमाचं उत्तर शेजारच्या फाइलीत साठवा, रोज संध्याकाळी मुनीमजींसोबत फरक पाहा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी एक फरक सापडला: कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, वजन काउंटरचा प्रोग्राम घटीच्या आधी वजा करत होता, तक्त्यात ते नंतर होतं. कोणालाच हे आठवलं नव्हतं, मुनीमजींनाही नाही.

सातवी पायरी : नियम बदलला तर

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या खरिपाच्या हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये होता. हंगाम ऐन भरात आणि नियम मध्येच बदललेला. ज्याच्या प्रोग्राममध्ये १२ हा आकडा दहा ठिकाणी पेरलेला असेल, त्याला दहाही जागा शोधाव्या लागतात आणि एखादी राहून जातेच.

अशा वेळी तक्त्यातला आकडा खोडून नवा लिहू नका. तक्त्याला दोन रकाने वाढवा, खरेदीचा प्रकार आणि मालाची तारीख. मोंढ्यातली खरेदी आणि हमीभावाची खरेदी यांचे नियम वेगळे. जुन्या तारखेच्या मालाला जुनी ओळ, नव्या तारखेच्या मालाला नवी. कोणी सहा महिन्यांनी जुनी पट्टी घेऊन आला तर त्या दिवशीचा हिशोब त्या दिवशीच्या नियमाने पुन्हा काढता यायला हवा. कापसालाही हीच रचना चालते: सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव असतो आणि तिथून १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. तक्ता तसाच, फक्त घट किलोत नाही, भावात.

फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. बदल कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून केला हे नोंदीत मराठीत लिहा. प्रत्येक बदलाला क्रमांक द्या आणि तो क्रमांक पट्टीवर छापा. आमच्या पट्टीवर आता रकमेच्या वर एक ओळ असते:

घट नियम क्र. ३ : (१३.४ − १२) × १८.५० = २५.९ किलो

ही ओळ जागा खाते म्हणून छापखान्यात आधी नको म्हणाले होते. शेठजींनी पट्टीचा कागद अर्ध्या इंचाने वाढवून घेतला.